विमान येईपर्यंत



मागच्या महिन्यात दवाखाना दोन दिवस बंद होता. नंतर आलेल्या प्रत्येकाने विचारलं, "काय डॉक्टर, गोव्याला?" हो, गोव्यालाच गेलो होतो. पण कोल्हापूरचा माणूस गोव्याला गेला म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे हसू येतं, तशी ही सहल नव्हती. मी, माझी पत्नी, पुतण्या आणि त्याचा दहा वर्षांचा मुलगा असे आम्ही चौघे होतो. मुलाला विमानांचं वेड आहे. उजळाईवाडीच्या विमानतळाजवळून जाताना गाडी थांबवायला लावणारा हा पोरगा. त्याला दाबोळीजवळचं नौदलाचं विमान संग्रहालय दाखवायचं, असं मी वर्षभर कबूल करत होतो.

त्या संग्रहालयात त्याने मला एक प्रश्न विचारला. त्याचं खरं उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. आजचा लेख त्या उत्तराबद्दल आहे. लेखात आरोग्य कुठे आहे असं वाटलं तर थोडा धीर धरा, शेवटी तुमच्या घरातल्या औषधांच्या डब्यापर्यंतच यायचं आहे.

बोगमाळोच्या रस्त्यावरची म्हातारी विमानं

आजरा, आंबोली, सावंतवाडी करत आम्ही शनिवारी गोव्यात पोचलो आणि रविवारी सकाळीच संग्रहालय गाठलं. (सोमवारी ते बंद असतं, बेत आखताना लक्षात ठेवा.) वास्कोजवळ, बोगमाळोला जाणाऱ्या रस्त्यावर १९९८ साली हे संग्रहालय सुरू झालं. बाहेर मोकळ्या आवारात निवृत्त विमानं आणि हेलिकॉप्टरं मांडली आहेत. आत दालनात 'विक्रांत' आणि 'विराट' या विमानवाहू जहाजांच्या प्रतिकृती, इंजिनं, शस्त्रं, वैमानिकाचा जीव वाचवणारी साधनं असं बरंच काही आहे.

पोरगा सी हॅरियरकडे पळाला. मी रेंगाळलो ते सीलँड नावाच्या लहानशा विमानापाशी. हे नौदलाचं पहिलं विमान, १९५३ सालचं. पोट होडीसारखं, कारण ते पाण्यावरही उतरायचं. पुतण्या सहज म्हणाला, "काका, हे आपल्याकडं २०१९ ला पायजे होतं." आम्ही दोघेही हसलो आणि लगेच गप्प झालो. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर पंचावन्न फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी त्रेचाळीस. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि कित्येक दिवस कोल्हापूर बेट होऊन बसलं. ते दिवस आठवले की अजून कुणाला हसू टिकत नाही.

कळसूबाईपेक्षा उंच बसलेला पेशंट

आवारातलं सगळ्यात मोठं विमान म्हणजे सुपर कॉन्स्टेलेशन. चार पंख्यांचं, शेपटीला तीन उभ्या पाती असलेलं. आधी एअर इंडियाकडे, मग हवाई दलात आणि नंतर नौदलात अशा तीन नोकऱ्या करून ते इथे विसावलं आहे. या विमानात प्रवाशांच्या दालनात हवेचा दाब राखायची सोय होती. त्यावरून एक गोष्ट सांगून टाकतो, कारण कोल्हापुरातून विमानं सुटायला लागल्यापासून दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, "डॉक्टर, मला विमान चालंल का?"

आजही प्रवासी विमान तीस-पस्तीस हजार फुटांवर उडतं. तिथली हवा इतकी विरळ असते की माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडेल, म्हणून आत दाब वाढवून ठेवतात. पण तो जमिनीइतका नसतो. साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असावा तेवढाच असतो. आपलं कळसूबाई शिखर सुमारे ५,४०० फूट. म्हणजे विमानात चहा पिताना तुमचं शरीर कळसूबाईच्याही वर बसलेलं असतं. धडधाकट माणसाच्या रक्तातला प्राणवायू थोडा कमी होतो आणि त्याला ते कळतही नाही. पण ज्याचं फुप्फुस आधीच थकलंय, रक्त फार कमी आहे किंवा हृदयविकाराचा झटका येऊन थोडेच दिवस झालेत, त्याला तो 'थोडा' महाग पडू शकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे दाब कमी झाला की हवा फुगते. आठ हजार फुटांच्या दाबाला शरीरात अडकलेल्या हवेचं आकारमान जवळपास एक तृतीयांशाने वाढतं. म्हणून कान दडपतात. पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, फुप्फुसाभोवती हवा साठली असेल, काल-परवाच पूर्ण प्लास्टर घातलं असेल, तर विमानात बसण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायलाच हवं. मालवणला किंवा गोव्यात स्कूबा केलं असेल तर त्यानंतर निदान एक पूर्ण दिवस विमान टाळावं. आणि इन्सुलिन नेहमी हातातल्या बॅगेत ठेवावं, सामानात देऊ नये.

हे सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. घरचं माणूस अत्यवस्थ झालं की नातेवाईक म्हणतात, "एअर अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, मुंबईला हलवा, पैशाचं बघू." भावना समजते. पण विमान म्हणजे जादू नव्हे. पेशंटची ये-जा दोन रुग्णवाहिकांतून आणि मधे कळसूबाईवरून होणार असते. आधी श्वास, रक्तदाब, रक्तस्राव स्थिर करावे लागतात, तेव्हा कुठे ते उड्डाण उपयोगी पडतं. घाईत उचललेला पेशंट वरच्या हवेत आणखी बिघडू शकतो.

तो प्रश्न

चेतक हेलिकॉप्टरपाशी पोरगा थांबला. फ्रेंच आराखड्याचं, बंगळुरूला एचएएलमध्ये बांधलेलं हे हलकं हेलिकॉप्टर. नौदलाने कित्येक वर्षं ते शोध आणि बचावासाठी वापरलं. मी त्याला म्हणालो, "यात मागं दोन स्ट्रेचर बसतात. जखमी माणसाला यातून नेता येतं."

त्याने काचेला नाक लावून आत बघितलं आणि विचारलं, "मग आजोबा, तात्यांना यातून का नाही आणलं?"

तात्या कोण ते सांगतो. घरच्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. शिरोळ तालुक्यातल्या एका गावचे शेतकरी. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या थोड्या अरुंद झालेल्या. सहा वर्षं माझ्याकडे येत होते. येताना पोरांसाठी भुईमुगाच्या शेंगांची पिशवी असायचीच, म्हणून आमच्या घरात सगळ्यांना माहीत.

२०१९ च्या त्या ऑगस्टमध्ये त्यांच्या घराला चारी बाजूंनी पाणी होतं. कुटुंब माडीवर होतं. एका रात्री अकराच्या सुमाराला त्यांच्या छातीत जळजळ सुरू झाली, घाम फुटला. सोडा घेतला, पाणी प्यायले, भिंतीला टेकून बसले. मला फोन आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता, उलट्या आणि धाप लागल्यावर. चौदा तासांनी.

मोबाइलला चार्जिंग होतं, रेंज होती, माझा नंबर सेव्ह होता. फोन का केला नाही, असं नंतर विचारलं तर काकी म्हणाल्या, "रातच्याला तुमास्नी कशाला तरास द्यायचा? आन् एवढ्या पाण्यातनं तुमी तरी काय करनार व्हता?"

दुपारी मी फोनवर ऐकलं आणि मला अंदाज आला. १०८ ला, तहसील कार्यालयाच्या पूर नियंत्रण कक्षाला फोन केले. मग काकींना म्हणालो, "रक्त पातळ करायची गोळी आहे ना, त्या चार गोळ्या आत्ता चावून खायला द्या."

"कुटली? गोळ्या तर लई हायत."

बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात सगळ्या गोळ्या एकत्र होत्या. कात्रीने कापलेल्या पट्ट्या, अर्ध्यांवरचं नाव गेलेलं. शेवटी नात आली आणि एकेक पट्टी उचलून इंग्रजी अक्षरं वाचत गेली. तिसरी, चौथी, सातवी पट्टी. बारा मिनिटं गेली. संध्याकाळी बोट पोचली आणि रात्री ते रुग्णालयात दाखल झाले.

हृदयाच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या बारा तासांत देता येतं, आणि जितकं लवकर तितका जास्त फायदा. त्या भागात सकाळी सातपासून बोटी फिरत होत्या. रात्री फोन आला असता तर पहिल्या बोटींपैकी एक तिकडे वळवता आली असती का? खात्रीने सांगता येणार नाही. पण प्रयत्न तरी करता आला असता. तात्या वाचले, पण हृदयाची पंप करायची ताकद तीस टक्क्यांवर आली. उसाची मोळी एका झटक्यात खांद्यावर घेणारा माणूस आता दवाखान्याच्या चार पायऱ्या दोनदा थांबून चढतो.

काकींना दोष देणं सोपं आहे. पण सहा वर्षं चिठ्ठी कुणी लिहीत होतं? मीच. दर वेळी म्हणायचो, "ही रोज घ्या, ही जेवणानंतर, ही रात्री." यातली कुठली हृदयासाठी, कुठली साखरेसाठी, हे एकदाही नीट सांगितलं नाही. आणि "रात्री छातीत काही झालं तर त्याच क्षणी फोन करा, मला त्रास होत नाही" हेही कधी बोललो नाही. माझ्या दृष्टीने ते गृहीतच होतं. त्यांच्या दृष्टीने नव्हतं.

पोराला मी तेव्हा एवढंच म्हणालो, "पाणी लई होतं रे." त्याने मान हलवली आणि तो पुढच्या विमानाकडे गेला. मी मात्र तिथेच उभा राहिलो, कारण असंच एक संग्रहालय मी याआधी पाहिलं होतं आणि या प्रश्नाचं उत्तर तिथे होतं.

वाळवंटातलं दुसरं संग्रहालय

काही वर्षांपूर्वी आम्ही मुलीकडे ऑस्ट्रेलियाला गेलो होतो. ती आणि जावई आम्हाला अ‍ॅलिस स्प्रिंग्जला घेऊन गेले. देशाच्या ऐन मध्यभागी, तांबड्या मातीच्या वाळवंटातलं हे गाव. तिथे 'रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस' म्हणजे उडत्या डॉक्टरांच्या सेवेचं संग्रहालय आहे. जावई म्हणाले, "बाबा, तुम्हाला हे आवडेल." आत विमानाचं खऱ्या मापाचं दालन आहे, त्यात शिरून पेशंटचं स्ट्रेचर कसं बसतं ते बघता येतं. बहुतेक लोक तिथे फोटो काढतात. मीही काढला.

पण ही सेवा का सुरू झाली त्याची गोष्ट ऐका. १९१७ साल. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यात हॉल्स क्रीक नावाची वस्ती. जिमी डार्सी नावाचा गुराखी घोड्यावरून पडला आणि त्याचं मूत्राशय फाटलं. त्याला वस्तीत आणलं, पण डॉक्टर नाही. होता तो पोस्टमास्तर, त्याने कधीकाळी प्रथमोपचाराचे धडे घेतलेले. त्याने सुमारे तीन हजार किलोमीटरवरच्या पर्थला, आपल्याला ते धडे देणाऱ्या डॉक्टर हॉलंडना तार केली. डॉक्टरांनी तारेवरून एकेक पायरी सांगितली आणि पोस्टमास्तराने खिशातल्या चाकूने ऑपरेशन केलं. डॉक्टर स्वतःही निघाले. गुरं वाहणाऱ्या बोटीने, मग मोटारीने, मग घोड्यावरून, शेवटी पायी. पोचायला दहा दिवसांहून अधिक लागले. ते पोचले त्याच्या आदल्या दिवशी जिमी गेला होता. ऑपरेशनने नव्हे, मलेरिया आणि गळवाने.

त्या भागात काम करणारे जॉन फ्लिन नावाचे धर्मोपदेशक होते. त्याच वर्षी क्लिफर्ड पील नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने त्यांना पत्र लिहून सुचवलं की दुर्गम भागात डॉक्टर विमानाने नेता येतील. पील पुढच्याच वर्षी पहिल्या महायुद्धात मारला गेला. फ्लिन यांनी त्याची कल्पना सोडली नाही. १९२८ च्या मे महिन्यात क्लॉनकरी गावातून पहिला उडता डॉक्टर निघाला. पहिल्या वर्षी पन्नास उड्डाणं झाली आणि सव्वादोनशे रुग्णांवर उपचार झाले. आज ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर फ्लिन यांचा चेहरा आहे.

आता महत्त्वाची गोष्ट. विमान मिळालं तरी फ्लिन यांच्यापुढे प्रश्न होता की शेकडो किलोमीटरवरच्या एकट्या घरातून डॉक्टरला कळवणार कोण आणि कसं? तिथे तारही नव्हती, वीजही नव्हती. १९२९ साली आल्फ्रेड ट्रेगर नावाच्या तंत्रज्ञाने पायडलचा रेडिओ दिला. सायकलसारखे पाय मारायचे, त्यातून वीज तयार होते आणि संदेश जातो. मोर्सची भाषा न येणाऱ्या गृहिणीलाही संदेश धाडता यावा म्हणून पुढे त्याने टाइपरायटरसारख्या कळाही बसवल्या. संग्रहालयात ते यंत्र आहे. आमच्या हिने पाहून लगेच म्हटलं, "शिलाई मशीनच की हे!" आणि खुद्द अ‍ॅलिस स्प्रिंग्जमध्ये १९३९ साली जे सुरू झालं ते रेडिओचं केंद्र होतं. त्याच १९३९ साली आपल्या उजळाईवाडीचा विमानतळ सुरू झाला, हे मला तिथे उभं असताना आठवलं.

रेडिओनंतर आली पेटी. १९४० च्या दशकात दूरच्या घरांना औषधांच्या पेट्या देण्यात आल्या. सगळ्या पेट्या एकसारख्या आणि प्रत्येक औषधाला क्रमांक. डॉक्टर रेडिओवर "अमुक नंबरची एक गोळी द्या" एवढंच सांगायचे. सोबत माणसाच्या शरीराचं चित्र, त्यावरही क्रमांक. "दुखतंय कुठं?" याचं उत्तर "पोटात" नव्हे, तर एक नंबर. बिस्किटाच्या डब्यातल्या कापलेल्या पट्ट्या डोळ्यांसमोर ठेवा आणि मग ती पेटी बघा, म्हणजे मला तिथे काय वाटलं असेल ते कळेल.

या पेटीचा एक किस्सा तिकडे गमतीने सांगतात. डॉक्टरांनी नऊ नंबरची गोळी द्यायला सांगितली. ती संपली होती. म्हणून घरच्यांनी चार नंबरची एक आणि पाच नंबरची एक दिली! हसू येतं ना? पण "साखरेची संपली होती म्हणून बीपीची दोन घेतली" असं सांगणारे पेशंट मी आपल्याच दवाखान्यात पाहिले आहेत.

उत्तर

परतीच्या वाटेवर आंबोलीच्या घाटात, मोबाइलची रेंज गेली तेव्हा, मी पोराला उत्तर दिलं. म्हणालो, "तात्यांना हेलिकॉप्टर मिळालं नाही हे खरं, पण ते शेवटचं काम असतं. आधी हाक मारावी लागते. मग जवळच्या माणसाला काय द्यायचं ते माहीत असावं लागतं. विमान तिसरं. आपल्याकडं पहिल्या दोन गोष्टी चुकल्या, आणि त्यातली एक तुझ्या आजोबांची चूक होती."

तो बराच वेळ बाहेर बघत होता. मग म्हणाला, "मग आपण पण नंबर देऊया की."

जे त्याला सुचलं तेच तुम्हाला सांगायला बसलो आहे. आपल्या हातात पायडल न मारता चालणारा फोन आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. राहिली पेटी आणि हाक मारायची सवय. ती अशी लावून घ्या:

१. डब्याला नंबर द्या. घरातल्या प्रत्येक रुग्णाचा डबा वेगळा ठेवा. प्रत्येक औषधाच्या पाकिटावर मार्करने मोठा आकडा लिहा. एका कागदावर मराठीत लिहा: आकडा, नाव, कशासाठी, कधी. तो कागद झाकणाला आतून चिकटवा. फोटो काढून पुण्या-मुंबईच्या मुलांनाही पाठवा. औषध बदललं की कागदही बदला.

२. पट्टी कापताना नाव आणि मुदतीची तारीख राहील अशी कापा. संपलेली, मुदत गेलेली औषधं डब्यात ठेवू नका.

३. फोनवर सांगायच्या गोष्टी ठरलेल्या असू द्या. कोण, वय किती. काय होतंय आणि किती वाजल्यापासून. बोटाने दाखवलं तर नेमकं कुठे, आणि हात, मान, जबडा, पाठीकडे जातंय का. घाम, धाप, उलटी आहे का. आधीचे आजार कोणते. पत्ता आणि जवळची ठळक खूण. आणि १०८ ने फोन ठेवायला सांगेपर्यंत ठेवू नका.

४. या तक्रारींना सकाळची वाट बघायची नाही. छातीत दडपण, जळजळ किंवा दुखणं आणि घाम. मधुमेह असलेल्यांना कधी कधी दुखत नाही, नुसती धाप किंवा मळमळ होते, हे विशेष लक्षात ठेवा. तोंड एका बाजूला वाकडं होणं, हातातली शक्ती जाणं, बोलणं अडखळणं. अचानक धाप. साप चावणं, त्यात जखम कापू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, तो भाग न हलवता सरकारी रुग्णालय गाठा.

५. छातीत दुखलं की स्वतःच्या मनाने गोळी नको, पण फोन मात्र लगेच. हृदयविकाराच्या झटक्यात चावून खाल्लेली अ‍ॅस्पिरिन जीव वाचवू शकते. पण ज्याला तिची अ‍ॅलर्जी आहे, पोटात अल्सर किंवा रक्तस्राव आहे, त्याला ती घातक ठरू शकते. अर्धांगवायूत तर मेंदूत रक्तस्राव नाही हे कळल्याशिवाय ती द्यायचीच नसते. तुमच्या बाबतीत काय, हे आजच, तब्येत ठीक असताना, आपल्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून ठेवा.

६. पावसाळ्याआधी, नदीकाठी राहत असाल तर, नेहमीच्या औषधांचा दोन आठवड्यांचा साठा पाणी न शिरणाऱ्या डब्यात वरच्या मजल्यावर ठेवा. इन्सुलिनसाठी वीज गेल्यावर काय करायचं तेही विचारून घ्या. मातीच्या मडक्यातला गारवा थोडे दिवस निभावून नेतो.

आणि "रातच्याला कशाला त्रास द्यायचा" हे वाक्य डोक्यातून काढून टाका. रात्री अकराला आलेला फोन डॉक्टरला झोपेतून उठवतो, एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी आलेला फोन मात्र वर्षानुवर्षं झोपू देत नाही.

गोव्याहून आल्यावर पुढच्या रविवारी आम्ही तात्यांकडे गेलो. पोराने स्केचपेन आणि चिकटपट्टी नेली होती. त्याने आणि तात्यांच्या नातीने मिळून पत्र्याचा डबा रिकामा केला आणि एकेका पाकिटावर आकडे घातले. अ‍ॅस्पिरिनला त्यांनी एक नंबर दिला, लाल रंगात. मग काकींची परीक्षा घेतली. मी अंगणातून फोन लावला आणि विचारलं, "काकी, एक नंबर कशाची?"

"रक्त पातळ करायची. छातीत दुकलं तर आदी तुमाला फोन, मग तुमी म्हनला तर चावून."

काकी पास झाल्या. तात्या खुर्चीत बसून हसत होते. निघताना शेंगांची पिशवी दिलीच.

आता तुमच्याकडे एक मागणी. पुढच्या वेळी तपासणीला याल तेव्हा नुसती फाइल आणू नका, घरातला औषधांचा डबा घेऊन या, आहे तसा. माझ्या टेबलावर मार्कर आणून ठेवला आहे. आपण मिळून नंबर घालू.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या औषधांबाबतचा किंवा विमानप्रवासाबाबतचा निर्णय तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.)